बटण बंद, फेज चालू

वसई-विरारमधल्या आचोळ्यातल्या जुन्या चाळींत एका खोलीचं वायरिंग सहसा एकाच हातचं नसतं. खोली विकली जाते, भाडेकरू बदलतो, पोटमाळा चढतो आणि दर वेळी बोर्डातून आणखी एक वायर ओढली जाते. लाल वायर कमी पडली की पुढे काळी जोडतात. त्यामुळे चार फुटी ट्यूबच्या पट्टीत फेज कुठून येते, हे रंगावरून ठरवणं धोक्याचं.

बटण चुकून न्यूट्रलवर बसलं तरी ट्यूब बिनतक्रार लागते आणि विझते. वर्षानुवर्षं कुणाला संशयही येत नाही. दिवा विझवायला सर्किट कुठेही तोडलं तरी चालतं. माणूस वाचवायचा तर ते फेजवरच तोडावं लागतं. आयएस 732 हे भारतीय मानकही एकेरी बटण फेजवरच घ्यायला सांगतं. नाहीतर बटण बंद असतानाही चोकपासून होल्डरपर्यंत 230 व्होल्ट हजर असतात. स्टुलावर चढलेला माणूस मात्र ट्यूब विझलेली पाहतो आणि निर्धास्तपणे हात घालतो. 'चालतंय ना, मग झालं' एवढ्यावर काम पास करण्याची आपली सवय इथे जिवावर बेतू शकते.

जुलै 2018 च्या पावसात वसई-विरारमध्ये पाणी तुंबलं, उपकेंद्रात शिरलं आणि महावितरणला वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. अशा वेळी वीज परत येते तेव्हा घरांच्या भिंती ओल्याच असतात आणि बंद बटणामागची ही फेज आणखी धोक्याची ठरते.

स्टार्टर नसलेल्या जुन्या ट्यूबच्या टेबललॅम्पमध्ये कुठली वायर कुठे जाते हे कोडं आणखी गुंतागुंतीचं होतं. त्याचं बटण दाबून धरायचं, ट्यूबची दोन्ही टोकं केशरी झाली की सोडायचं. त्या एका बटणात दोन कामं असतात. एक जोड दाबल्यावर तसाच राहतो आणि चोकला वीज देत राहतो. दुसरा बोट उचलताच सुटतो. त्या क्षणी चोकमधून व्होल्टेजची उसळी येते आणि ट्यूब पेटते. बटणाच्या चार वायरींतल्या या दोन जोड्यांची अदलाबदल झाली, तर टोकं तापतात, पण बोट उचलताच सगळंच विझतं. मग ट्यूब बदलतात, चोक बदलतात. खरं तर प्लग काढून मल्टिमीटर बीपवर ठेवला, बटण दाबून सोडलं आणि कुठल्या जोडीचा बीप टिकतो एवढं पाहिलं की उलगडा होतो.

पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या जिनिव्हातल्या 2023 च्या परिषदेत सरळ ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2027 पर्यंत टप्प्याटप्प्यानं थांबवायचं ठरलं, कारण त्यांत पारा असतो. पट्टीच्या जागी एलईडी येईल, भिंतीतली वायर तीच राहील. बटण न्यूट्रलवर असेल तर एलईडी कधीकधी बंद केल्यावरही मंद तेवतो. त्याची इतरही कारणं असू शकतात, पण दिवा खराब म्हणून फेकण्याआधी बोर्ड तपासायला हवा. पट्टी बदलायला आलेल्या वायरमनलाच हे काम सांगावं आणि त्याची वेगळी मजुरी द्यावी.