तेहतीस कोटींचा हिशेब

वसुबारसेला गाईला कुंकू लावताना आजी हमखास सांगते, हिच्या पोटात तेहतीस कोटी देव आहेत. हल्ली नातू लगेच मोबाइल पुढे करतो: ‘अगं, कोटी म्हणजे शंभर लाख नव्हे, कोटी म्हणजे प्रकार!’

ही दुरुस्ती ऐकायला झकास, पण तीही लंगडीच. संस्कृतात ‘कोटि’ म्हणजे टोक, वर्ग आणि संख्याही. बृहदारण्यक उपनिषदातली यादी मात्र सरळ 33 देवांची आहे: 8 वसू, 11 रुद्र, 12 आदित्य, शिवाय इंद्र आणि प्रजापती. प्रकारच मोजायचे तर ते जेमतेम पाच भरतात.

आणि 33 हाही शेवटचा आकडा नाही. ऋग्वेदात एके ठिकाणी 3339 देव अग्नीची सेवा करतात.

बृहदारण्यकातच जनक राजाच्या वादसभेची गोष्ट आहे. तिथे शिंगांना सोनं बांधलेल्या हजार गाई पणाला लागल्या होत्या. शाकल्य नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्य ऋषीला विचारलं, देव किती? उत्तर आलं 3306. ‘बरं, पण नक्की किती?’ 33. मग सहा, तीन, दोन. पुढे चक्क दीड! (हा दीड म्हणजे वारा.) शेवटी एक, प्राण.

म्हणजे हिशेब विचारणाऱ्याच्या चिकाटीनुसार बदलत गेला. शाकल्य तरीही थांबला नाही. अखेर याज्ञवल्क्याच्या उलट प्रश्नाला त्याला उत्तर देता आलं नाही, त्याचं मस्तक गळून पडलं आणि त्याच्या अस्थीसुद्धा चोरांनी भलतंच काही समजून पळवल्या.