उपऱ्यांचे घर आणि त्याचे मोल

(शास्त्रवाचन : उत्पत्ती २३:१-२०, लेवीय २५:१३-२३)



पवित्र शास्त्रात जमिनीच्या खरेदी-विक्रीचा पहिला सविस्तर वृत्तांत येतो तो एका मृत्यूच्या छायेत. सारा निवर्तली आहे. अब्राहाम तिच्यासाठी शोक करून उठतो आणि हेब्रोनच्या हित्ती लोकांपुढे उभा राहतो. त्याच्यापाशी मेंढरे आहेत, गुरे आहेत, रुपे-सोने आहे. परंतु पत्नीला मूठमाती देण्यापुरतीही स्वतःची भूमी नाही. तो आपली ओळख दोन इब्री शब्दांनी करून देतो : ‘गेर’ आणि ‘तोशाव’, म्हणजे परका आणि उपरा. तो दान मागत नाही. मकपेलाच्या गुहेचे पुरते मोल देण्याची तयारी तो स्वतःहून दाखवतो.

गुहेचा मालक एफ्रोन नगराच्या वेशीत चारचौघांदेखत मोठ्या औदार्याची भाषा बोलतो. शेतही घ्या, गुहाही घ्या, मी ती दिलीच असे समजा, असा त्याचा सूर आहे. परंतु अब्राहाम मोलाचा आग्रह धरताच तो ओघात सांगून टाकतो की, जमीन ४०० शेकेलांची आहे, आणि आपणा दोघांत एवढ्याशा रकमेचे काय मोठेसे! शतकांचे अंतर असल्यामुळे तुलना जपूनच केली पाहिजे. तरी दाविदाने अरवनाचे खळे व बैल ५० शेकेलांना घेतले आणि यिर्मयाने अनाथोथचे शेत १७ शेकेलांना, हे ध्यानात घेतले म्हणजे एफ्रोनने सांगितलेला आकडा किती भारी होता याची थोडी कल्पना येते. अब्राहाम घासाघीस करीत नाही. ज्याच्या घरात मृतदेह आहे तो घासाघीस कशी करणार? गरजवंताला अक्कल नसते, असे आपण म्हणतो. विकणाऱ्याला मात्र गरजवंताची गरज नेमकी कळते.

वाचकहो, एफ्रोनला खलपुरुष ठरवण्याची घाई आपण करू नये. त्याने बळजबरी केली नाही, खोटे वजन वापरले नाही. बाजारात जे चालते तेच त्याने केले. म्हणूनच तो आपल्याला जवळचा आहे. आज मुंबईत, पुण्यात, बेंगळुरूत किंवा दिल्लीच्या आसपास ज्याच्या नावावर दोन खोल्यांची सदनिका आहे, त्याच्या मनात हा एफ्रोन कुठेतरी बसलेला असतो.

विकणाऱ्याचे मन कसे चालते, याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. डॅनिएल काहनमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि इतरांना दिले नाहीत. ज्यांच्या हाती मग आला त्यांनी तो विकण्यासाठी जी किंमत मागितली, ती विकत घेणाऱ्यांच्या मनातील किमतीच्या सुमारे दुप्पट होती. मग तोच, ‘माझा’ हा एक शब्द तेवढा त्याला चिकटला होता. काही क्षणांपूर्वी मिळालेल्या मगाची ही कथा, तर ज्या घरात मुले वाढली, आईवडिलांनी डोळे मिटले, त्या घराची काय असेल?

घराविषयीही असा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात भाव कोसळल्यानंतर १९९० ते १९९७ या काळात विक्रीस निघालेल्या सदनिका डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर यांनी तपासल्या आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांनी चढ्या भावात घर घेतले होते आणि आता तोटा सोसावा लागणार होता, त्यांनी इतरांपेक्षा अधिक किंमत मागितली. खरेदीची किंमत आणि आता मिळू शकणारी किंमत यांत जेवढे अंतर, त्याचा चौथा ते तिसरा हिस्सा ते आपल्या मागणीत चढवीत होते. परिणामी त्यांची घरे अधिक काळ विक्रीवाचून पडून राहिली. आणखी एक गोष्ट दिसून आली. नुसती गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्यांपेक्षा स्वतः त्या घरात राहणाऱ्यांमध्ये ही वृत्ती सुमारे दुप्पट होती. बाजाराला त्यांच्या जुन्या खरेदीशी काहीच कर्तव्य नव्हते. तो आकडा केवळ त्यांच्या मनात कोरलेला होता.

आपल्याकडचे अनुभव निराळे नाहीत. जागेचे भाव कधी उतरत नाहीत, ही आपल्या शहरांत जणू श्रद्धाच झाली आहे. वास्तविक १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास मुंबईतील भाव शिखरावर पोहोचले आणि त्यानंतर काही वर्षे ते उतरले. तरीही शेजारच्या इमारतीतील एखादा फ्लॅट अमुक रकमेला गेला, असे कानी पडले की तो आकडा आपल्या हक्काचा वाटू लागतो. पुढे त्याहून कमी देणारा ग्राहक आला की तो आपल्याला लुबाडतो आहे असे वाटते. जो पैसा कधी हातात आलाच नव्हता, तो गमावल्याचे दुःख आपण करीत बसतो.

एवढ्यावर थांबले असते तर हा मनाचा एक दुबळेपणा म्हणून सोडून देता आला असता. परंतु प्रत्येक मागणीच्या दुसऱ्या टोकाला एक मनुष्य उभा असतो. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. आणि त्याच जनगणनेनुसार या महानगरातील दर शंभर माणसांपैकी चाळीसहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहत होती. घरे रिकामी राहण्याची कारणे अनेक आहेत : भाड्याचे अल्प उत्पन्न, भाडेकरू जागा सोडणार नाही ही भीती, अर्धवट कागदपत्रे. भाव आणखी चढेल म्हणून थांबणे हेही त्यांतलेच एक. आपल्या मंडळ्यांनाही याची झळ लागते. दादर-भायखळ्याकडे वाढलेली मुले लग्नानंतर विरारला, बदलापूरला, पनवेलला घर शोधतात. उपासनेला यायचे तर गाडीचा लांबचा प्रवास, पुढे तेही विरळ होत जाते. तरुण मंडळी दिसत नाहीत, अशी खंत आपण वार्षिक सभेत व्यक्त करतो. परंतु आपल्या फ्लॅटच्या चढत्या भावाचा आनंद आणि ही खंत एकाच कारणातून निघतात, हे आपल्या ध्यानी येत नाही.

आता लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायाकडे वळू या. योबेल वर्षाच्या या नियमात जमीन विकताना किती वर्षांची पिके हाती येणार आहेत त्यावरून किंमत ठरवावी, असे सांगितले आहे. वर्षे अधिक तर मोल अधिक, वर्षे थोडी तर मोल थोडे. म्हणजे विक्री होते ती उपयोगाची. भूमी परमेश्वराचीच राहते. तटबंदीच्या नगरातील घराला मात्र हा नियम नव्हता. ते वर्षाच्या आत सोडवले नाही तर योबेल वर्षीही मूळ मालकाकडे परत जात नसे. म्हणून आजच्या सदनिकेला हा कायदा जशाचा तसा लावता येणार नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्यामागील परमेश्वराचे मन समजून घेण्यास कोणतीच आडकाठी नाही.

ते मन दोन शब्दांत प्रकट होते. खरेदी-विक्रीत एकमेकांवर अन्याय करू नये, अशी आज्ञा येथे दोनदा येते. तिच्यातील इब्री क्रियापद ‘यानाह’ हे निर्गम २२:२१ आणि लेवीय १९:३३ या ठिकाणीही येते, आणि तेथे ते परक्याला छळण्याविषयी आहे. गरजवंताकडून अवाजवी मोल उकळणे आणि आश्रयाला आलेल्या परक्याला गांजणे, या दोन्हींना शास्त्र एकच शब्द लावते. आपण एकाला व्यवहार म्हणतो आणि दुसऱ्याला पाप. मूळ भाषेत ती भिंत दिसत नाही.

दुसरा शब्द याहून अंतःकरणाला भिडणारा आहे. भूमी कायमची विकू नये, कारण ती माझी आहे, असे सांगून परमेश्वर इस्राएलाच्या जमीनमालकांना त्यांची खरी ओळख करून देतो. ते त्याच्याजवळ राहणारे ‘गेरीम’ आणि ‘तोशावीम’ आहेत. वाचकहो, हे शब्द आपण ओळखले का? हेब्रोनच्या वेशीत हात जोडून उभ्या असलेल्या अब्राहामाने स्वतःविषयी उच्चारलेले हेच ते दोन शब्द. येथे ते अनेकवचनात आले आहेत. वंशजांच्या नावावर जमिनी होणार होत्या, तरी देवाच्या दृष्टीने ते बापासारखेच उपरे राहणार होते. विकत घेणारा उपरा आणि विकणाराही उपराच! दारात उभा असलेला ग्राहक हा कालचा मी आहे, हे जो विसरत नाही त्याच्याच तोंडून न्याय्य किंमत निघते.

आपणांपैकी कोणी म्हणेल, हे ऐकायला ठीक; परंतु निवृत्तीनंतर माझ्यापाशी हे घर एवढीच पुंजी आहे. मी स्वस्तात विकले तर मला दुसरे घर कोण स्वस्तात देणार? आणि माझ्याकडून स्वस्तात घेऊन एखादा दलाल महिन्याभरात नफा काढील, त्याचे काय? हे प्रश्न खरे आहेत. वृद्धापकाळाची तरतूद करणे हे पाप नव्हे, आणि सट्टेबाजाला सवलत देणे हे पुण्य नव्हे. शास्त्राने किंमत घेऊ नये असे सांगितलेले नाही. किंमत घेताना मनुष्य नजरेआड होऊ नये, एवढेच सांगितले आहे. आपल्याला लागते किती आणि आपण मागतो किती, या दोहोंतील अंतर प्रत्येकाने देवासमोर बसून मोजावे. त्या अंतरात गरज किती, भय किती आणि शेजाऱ्याच्या आकड्याशी केलेली स्पर्धा किती, हे प्रार्थनेत उलगडते.

तेव्हा काही साध्या गोष्टी आपण करू शकतो. घर विकायचे ठरले तर दलालाकडे जाण्यापूर्वी मंडळीत किंवा ओळखीत कोणी गरजू कुटुंब आहे का, हे पाहावे. भिंतीतील ओल, पाण्याची टंचाई, सोसायटीची थकबाकी, इमारतीच्या दुरुस्तीचा येऊ घातलेला खर्च, हे बयाणा घेण्यापूर्वीच सांगावे. खरेदीखतात पूर्ण रक्कम लिहावी. एक रक्कम धनादेशाने आणि दुसरी पिशवीतून, हा प्रकार हनन्या आणि सप्पीरा यांच्या वाटेने जाणारा आहे. शेत विकणे हा त्यांचा अपराध नव्हता, मोल दडवून खोटे बोलणे हा होता. घर रिकामे पडले असेल तर रीतसर करार करून ते एखाद्या कुटुंबाला वाजवी भाड्याने द्यावे. आणि येणाऱ्याचे आडनाव, जात, धर्म, प्रांत पाहून दार लावू नये. नाव ऐकताच जागा नाकारली जाण्याचे दुःख आपल्या देशात दलितांना आणि अल्पसंख्याकांना चांगले ठाऊक आहे. ज्याने ते भोगले त्याने तरी ते दुसऱ्याला देऊ नये.

शेवटी आणखी एका कबरेपाशी जाऊ या. अब्राहामाने जी पहिली भूमी विकत घेतली ती कबरेची होती. त्याच्या वंशात जन्मलेल्या आपल्या प्रभूपाशी मस्तक टेकण्यास जागा नव्हती, आणि वधस्तंभावरून उतरवल्यावर त्याच्यासाठी स्वतःची कबरही नव्हती. तेव्हा अरिमथाईकर योसेफ पुढे आला आणि स्वतःसाठी खडकात खोदलेली नवी कबर त्याने दिली. त्याने वेशीत औदार्याचे भाषण केले नाही, की मोल सांगितले नाही. एफ्रोनने शोकाकुल परक्याकडून ४०० शेकेल मोजून घेतले. त्याच्या थैलीतील त्या रुप्याचे पुढे काय झाले, हे शास्त्र सांगत नाही. योसेफाने दिलेली जागा मात्र तिसऱ्या दिवशी रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या जागेवर आपली सारी आशा उभी आहे.

आपल्या हातातील किल्ली ही मालकाची नाही, कारभाऱ्याची आहे. ती सोपवण्याची वेळ येईल तेव्हा एफ्रोनच्या शेजारी उभे राहायचे की योसेफाच्या, हे प्रत्येकाने आजच ठरवावे. सर्व भूमीचा धनी असलेला परमेश्वर आपणां उपऱ्यांना त्यासाठी कृपा देवो.

आमेन.