आजोबा घरी नाहीत

1976 सालची आखाजी उद्यावर आली होती. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी, भर दुपारी घराच्या ओट्यावर एक माणूस येऊन बसला. धोतराच्या सोग्यात बांधलेली नोटांची पुरचुंडी त्यानं मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. मी अकरा वर्षांचा. आजोबा माजघरात सुपारी कातरत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "जा, सांग त्याला, आजोबा घरी नाहीत." मी बाहेर आलो आणि सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या आजोबांच्या वहाणांकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि पाणीही न मागता उठून गेला.

त्याचं साडेचार एकर वावर 1972 च्या दुष्काळात आमच्याकडे आलं होतं. कागद गहाणाचा नव्हता, खरेदीखताचा होता. मुद्दल आणि व्याज फेडलं की वावर परत, हा तोंडी शब्द. शब्दाची मुदत त्या आखाजीला संपत होती. तो आदल्या दिवशी पैसे घेऊन आला आणि आजोबा घरी नव्हते. त्या वावरातल्या कपाशीवर माझं बी. ए. झालं, बी. एड. झालं.

आजोबा ढोंगी होते असं मी म्हणणार नाही. दरसाल ते शेगावला पायी जात, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला गावात अन्नदान करत, अधिक महिन्यात लोणारच्या धारेवर स्नान करून येत. म्हातारपणी समाधीपुढे त्यांचे डोळे वाहताना मी पाहिले आहेत, ते पाणी खरं होतं. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. ज्या माणसाला देवापुढे रडू येतं, त्याला त्या ओट्यावरच्या माणसाला हाक का मारता आली नाही? धार गावापासून लांब, तरी आजोबा तिथे जात. ज्याचं वावर घेतलं त्याचं घर चार गल्ल्या सोडून होतं.

धर्मशास्त्रात या पळवाटेला जागा नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात पातक आणि प्रायश्चित्तावर मोठा भाग आहे, तो मी निवृत्तीनंतर वाचायला घेतला. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात चोरीचं प्रायश्चित्त सांगताना अट घातली आहे की चोरलेली वस्तू आधी धन्याला परत करायची, मग कृच्छ्र करायचं. क्रम असा आहे. मनुस्मृतीशी माझी भांडणं पुष्कळ आहेत, पण हा क्रम मला बिनतोड वाटतो. उपास, स्नान, अन्नदान हे सगळं परत केल्यानंतरचं. आमच्या घरात पहिली पायरी सोडून सगळ्या पायऱ्या चढून झाल्या होत्या.

मी तीस वर्षं इतिहास शिकवला. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि रामशास्त्री स्वतः पुणं सोडून गेले. हा धडा मी निर्भयतेचा म्हणून शिकवत आलो. आता तो मनात येतो तेव्हा दोन ठिकाणी अडकतो. एक, 'ध' चा 'मा'. राघोबादादांच्या मूळ हुकमात 'धरावे' होतं, कुणीतरी 'मारावे' केलं, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोराच्याही तोंडी आहे. खरी असो वा नसो, ती इतकी टिकली, कारण अपराध्याला असं एक अक्षर लागतंच. मी एवढंच म्हटलं होतं, पुढचं दुसऱ्यानं केलं. माझंही एक अक्षर होतं: मला सांगितलं तसं मी सांगितलं. दुसरं, रामशास्त्र्यांनी वापरलेला शब्द. शिक्षा नव्हे, प्रायश्चित्त. शिक्षा दुसरा देतो, प्रायश्चित्त ज्याचं त्यानं पत्करायचं असतं. राघोबादादांनी ते पत्करलं नाही. पुढे दहा वर्षं ते जगले आणि 1783 मध्ये कोपरगावला वारले. न्यायाधीश माणसाला दोष दाखवू शकतो, पश्चात्ताप त्याच्या पदरात घालू शकत नाही.

आमच्याच जिल्ह्यातलं एक प्रकरण आहे. सावकारीची तक्रार घेऊन गेलेल्या शेतकऱ्याची फिर्याद नोंदवू नये म्हणून थेट मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून खामगावच्या पोलिसांना सांगणं आलं होतं. डिसेंबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक ताशेरे ओढले आणि 10 लाख रुपयांचा खर्च बसवला. तो भरायचा होता राज्यानं, म्हणजे तुमच्याआमच्या तिजोरीतून. निकाल योग्यच होता. पण कुणाच्या स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या झोपेतून काय गेलं, हे निकालपत्रात कधीच नसतं.

2014 चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आला. अवैध सावकारीत 15 वर्षांच्या आत गेलेली जमीन जिल्हा उपनिबंधक परत देववू शकतात, असं पेपरात वाचलं. मी बोटांवर वर्षं मोजली. बेचाळीस भरली. मला हायसं वाटलं. अकराव्या वर्षी बोललेल्या खोट्यापेक्षा एकोणपन्नासाव्या वर्षी हायसं वाटल्याची मला आज जास्त लाज वाटते. अकरा वर्षांच्या पोराला गुन्हेगार धरणं वेडेपणाचं आहे, हे मलाही कळतं. पण एकविसाव्या वर्षी वडिलांनी कागद काय होता ते मला सांगितलं होतं. त्यानंतरचं प्रत्येक वर्ष माझं होतं, आजोबांचं नव्हे.

वडील गेल्यावर वाटणी झाली. तिघे भाऊ, प्रत्येकी दीड एकर. मी विषय काढला तेव्हा मधला म्हणाला, "पाप काही वारशानं येत नाही, दादा." बरोबर आहे. पाप येत नाही. पण वावर वारशानंच आलं. दुसऱ्याचा दोष माझ्या माथी नाही, दुसऱ्याची वस्तू मात्र माझ्या हातात आहे, आणि ती आहे हे मला ठाऊक आहे. जबाबदारी या ठाऊक असण्यापासून सुरू होते, असं मी मानतो.

तेव्हा तुकोबांची आठवण झाली. देहूचं ते घर महाजनाचं, सावकारीचं. दुष्काळानं घर धुऊन नेल्यावर तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. महिपतींनी सांगितलेला पुढचा तपशील मात्र आपण विसरतो. आधी भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्याकडे दिला आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची खतं. भावाच्या वतीनं पुण्य करायला ते गेले नाहीत. मीही भावांशी वाद सोडला.

ओट्यावरच्या त्या माणसाच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्याचा मुलगा माझ्याहून मोठा, गुडघ्यांनी अधू झालेला. सुनेनं चहा ठेवला. मी वहाणांपासून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही तवा लेकरू होते, गुरुजी. बा सांगे, पोरगं खोटं बोललं नाही, त्याच्या तोंडून बोलवून घेतलं."

म्हणजे त्या माणसानं मला केव्हाच मोकळं केलं होतं. मला रडू आलं आणि इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी वावराचा शब्दही न काढता घरी आलो. महिना गेला. टॉलस्टॉयच्या 1899 मधल्या 'रिझरेक्शन' कादंबरीत पश्चात्तापानं पोळलेला नेखल्यूदोव तुरुंगात मास्लोव्हाला भेटायला जातो, तेव्हा ती त्याच्यावर उसळते, की आता तुला माझ्या आधारानं स्वतःचा उद्धार करून घ्यायचा आहे. ते आठवलं आणि कळलं, मी त्या घरून पुन्हा काहीतरी घेऊनच आलो होतो. आजोबांनी वावर आणलं, मी क्षमा आणली. द्यायचं राहिलंच होतं.

मग गेलो ते सातबारा घेऊन. त्यानं आधी नाही म्हटलं, लोक काय म्हणतील म्हणाला. दोन महिने लागले. मेहकरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला, फेरफार झाला, आणि माझा दीड एकर आता त्याच्या मुलाच्या नावावर आहे. यंदा त्यात सोयाबीन आणि तूर होती. विहीर माझ्या धाकट्या भावाच्या वाट्यात आहे. तिच्या पाण्याचं विचारायला मी दर आखाजीला त्याच्याकडे जातो.