श्रोत्याचे कर्तव्य

बोलणाराने शुद्ध बोलावे, हा दंडक आपल्याकडे जुना आहे. परंतु ऐकणाराचेही कर्तव्य असते, आणि ते अधिक अवघड असते, असे प्रकाशतंतूंच्या संदेशवहनाचा विचार करताना मला वाटू लागले.

काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशाच्या द्वारे दूरवर संदेश धाडता येईल, हे १९६६ साली चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले. आरंभीची लिपी साधी होती: प्रकाश आहे, अथवा नाही. पुढे लहरीची उंची आणि तिची कला या दोहोंत अर्थ भरण्याची युक्ती निघाली. सोळा खुणांच्या लिपीत एकेका खुणेत शून्य-एकाचे चार अंक मावतात. मात्र खुणा जितक्या दाट, तितक्या त्या लवकर एकमेकींत मिसळतात. मोठ्याने बोलूनही भागत नाही. प्रकाश फार प्रखर केला तर काचेचा गुणच पालटतो आणि संदेश स्वतःच्याच तेजाने बिघडतो. (उत्सवात कर्ण्याखाली बसणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.)

वाटेत हानी होते ती मुख्यतः दोन प्रकारची. निरनिराळ्या रंगांचा प्रकाश काचेतून निरनिराळ्या वेगाने जातो, म्हणून स्पंद पसरून शेजारच्या स्पंदावर सांडतो. वरवर पाहता सारा घोळ. परंतु तो नियमाने झालेला असतो. तंतूची लांबी व जात जाणणारा ग्राहक ते पसरणे गणिताने उलट फिरवितो. पूर्वीचा ग्राहक केवळ उजेड मोजी व लहरीची कला टाकून देई, म्हणून त्याला हे साधत नसे. दुसरी हानी गोंगाटाची. दर ऐंशी किलोमीटरांच्या आसपास संदेशाला बळ देणारी यंत्रे आपला गोंगाटही त्यात मिसळतात. त्याला नियम नाही. तो परत काढून घेता येत नाही. म्हणून धाडतानाच जादा अंक गुंफून ठेवावे लागतात. वेदपाठातील पद, क्रम, जटा, घन यांची योजना याच जातीची.

आता आपल्याकडे पाहा. मंगेश १५६० साली कुठ्ठाळीहून प्रियोळास आला. देवाबरोबर रूढीही आल्या. एखादी रूढी स्थलांतराने वळली असेल, तर ती वाट अभ्यासून तिचे मूळ रूप शोधता येईल; तिला अडाणीपणा म्हणून हसणे हा श्रोत्याचा आळस. परंतु जिचे कारण काळाच्या गोंगाटात पुसले गेले, तिच्या जागी आपल्या सोयीचा अर्थ बसवून तो पूर्वजांचा म्हणून सभेत सांगणे, ही विकृतीत भर होय. अशा वेळी ‘हे आम्हांस ठाऊक नाही’ असे इतिवृत्तात लिहिणारे महाजन मला अधिक प्रामाणिक वाटतात, मग त्या वर्षीचा वाद अनिर्णित राहिला तरी चालेल.