सारथ्याचे वय

२०२४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील सॅन अँटोनिओ या शहरी एका एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला एका वर्षाची नोकरी मिळाली आणि तिच्यावरून लोकांत दोन तट पडले. पगार एक कोटी डॉलरांहून अधिक होता. तेव्हा त्या माणसाची कीव करण्याचे काही कारण नाही. नोकरी होती बास्केटबॉल खेळण्याची. माणसाचे नाव ख्रिस पॉल, आणि त्याला घेणारा संघ स्पर्स. आमच्या पेशात एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला अजून ‘नवे मास्तर’ म्हणतात. त्या खेळात त्याला आजोबा म्हणतात.

प्रेक्षकांच्या वादाला कोणी तत्त्वचिंतन म्हणत नाही. क्रिकेटच्या निवडसमितीला चहाच्या दुकानात बसून अक्कल शिकवणाऱ्यांना आपण काय म्हणतो, ते सर्वांना ठाऊक आहे. तरी मला वाटते, न्यायान्यायाचे काही प्रश्न माणसे खेळाच्या निमित्ताने जेवढ्या मोकळेपणाने बोलतात, तेवढ्या मोकळेपणाने स्वतःच्या घरात बोलत नाहीत. म्हाताऱ्याने जागा केव्हा सोडावी, हा प्रश्न घरात काढून पाहा! खेळात तो काढता येतो. कारण म्हातारा परका असतो आणि आपण तिकीट काढलेले असते.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. मैदानात एका बाजूचे पाच जण असतात. त्यांतला पॉइंट गार्ड म्हणजे संघाचा सारथी. चेंडू बहुधा तोच घेऊन येतो, कोणी कोठे धावायचे ते तोच खुणावतो, आणि नेमक्या क्षणी दुसऱ्याच्या हाती चेंडू देऊन तोच बाजूला होतो. गुण दुसऱ्याच्या नावावर मांडला जातो; देणाऱ्याच्या खात्यात ‘असिस्ट’ नावाची नोंद होते. अशा नोंदी आयुष्यभरात बारा हजारांवर जमवणारी माणसे त्या वेळेपर्यंत अवघी दोन झाली होती. पॉल त्यांच्या मागोमाग तिसरा होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये, स्पर्सकडून खेळतानाच, तो जेसन किडला मागे टाकून दुसरा झाला.

आता स्पर्सची स्थिती. १९९९ ते २०१४ या काळात पाच अजिंक्यपदे मिळवलेले हे घराणे. पण पॉल येण्याआधीच्या दोन्ही हंगामांत ब्याऐंशी सामन्यांपैकी प्रत्येकी बावीसच जिंकलेले. घरात एक अलौकिक मूल मात्र होते: फ्रान्समधून आलेला वीस वर्षांचा व्हिक्टर वेम्बन्यामा, उंची सव्वासात फुटांच्या आसपास. पॉल २००५ साली व्यावसायिक खेळाडू झाला तेव्हा हे मूल नुकते चालायला लागले असेल. या मुलाच्या हाती वेळेवर चेंडू कोणी द्यायचा, ही अडचण होती. आधीच्या हंगामाच्या आरंभी हे काम जेरेमी सोहान या तरुणाला दिले होते. त्याचा पिंड वेगळ्या जागेचा. घोडेस्वाराला रथ हाकायला बसवावे तसे झाले. पुढे ते ट्रे जोन्सकडे आले. जोन्स चोवीस वर्षांचा, २०२० पासून संघात असलेला, निमूटपणे काम करणारा. त्याच्या हाती लगाम आल्यावर रथ निदान रस्त्यावरून धावू लागला होता. आणि त्याच जागेवर आता पॉल येत होता.

विरोधकांचा एक आक्षेप जुन्या वैराचा होता. २ मे २०१५ रोजी हाच पॉल क्लिपर्सकडून खेळत होता. सातवा आणि निर्णायक सामना, एक सेकंद उरलेला, पाय दुखावलेला. तशा स्थितीत त्याने टिम डंकनच्या उंचावलेल्या हातावरून चेंडू फळीवर आपटून आत घातला. १११ विरुद्ध १०९. डंकन म्हणजे त्या शहराचा लाडका दैवतासारखा माणूस. ज्याने त्याच्या देखत घर लुटले त्याला आता पाटावर बसवून जेवू घालायचे काय? आक्षेप मनाला भिडणारा आहे, पण टिकणारा नाही. घर लुटले ते त्याच्या धन्यासाठी. आता धनी बदलला आहे. शिवाय शत्रूचे कसब ज्याने भोगले आहे, त्याच्याइतके ते दुसऱ्या कोणाला कळते?

दुसरा आक्षेप शरीराचा. त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. शरीर काय ते हंगामच सांगतो.

खरा आक्षेप तिसरा, आणि तो मांडणारे लोक थोडे होते. ते म्हणत होते: हा बसला की दुसरा कोणी तरी उठणार. आपण म्हाताऱ्याचा मान पाहतो. उठवलेल्या तरुणाचे काय?

महाभारतात हा प्रश्न आहे. आपण तो तसा वाचत नाही इतकेच. कौरवांनी भीष्मांना सेनापती केले, तेव्हा कर्णाने शस्त्र खाली ठेवले. भीष्म पडेपर्यंत लढणार नाही म्हणाला. दहा दिवस तो शिबिरात बसून राहिला. भीष्मांच्या त्यागावर आमच्या वर्गात मुले पाने भरभरून निबंध लिहितात. त्या दहा दिवसांवर निबंध लिहिलेला एकही विद्यार्थी मला भेटलेला नाही.

स्पर्सच्या स्वतःच्या इतिहासातही असाच एक प्रसंग आहे. २००३ साली त्यांनी अजिंक्यपद मिळवले तेव्हा त्यांचा सारथी टोनी पार्कर एकवीस वर्षांचा होता. तरीही त्या उन्हाळ्यात संघाने तिशीतल्या किडला आपल्याकडे आणण्याचा प्रयत्न केला. किड आला नाही. पार्कर राहिला, आणि २००७ च्या अंतिम फेरीत सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. आता किड आला असता तर काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण पॉलच्या विरोधकांना हा दाखला सोयीचा होता यात शंका नाही. गंमत अशी, की समर्थकांचा दाखलाही त्याच वर्षीचा निघतो. २००३ च्या त्याच मोसमात सदतीस वर्षांचा स्टीव्ह कर बहुतेक वेळ बाकावर बसून होता, आणि डॅलसविरुद्धच्या निर्णायक वेळी उठून त्याने लांबून चार गोल घालत सामना फिरवला. म्हणजे वयस्क माणूस हवा की नको, असा प्रश्नच नव्हता. तो कोठे बसतो, हा प्रश्न होता.

समर्थकांचा मुख्य युक्तिवाद शिकवण्याचा होता. हा पोरांना शिकवील, वेम्बन्यामाला घडवील, स्वतःच्या खेळाचे काय ते जाऊ द्या. मी मास्तर आहे, म्हणून हा युक्तिवाद मला गोड वाटायला हवा. पण तो मला किंचित खोटा वाटतो. अनुभव शिकवता येतो असे ज्यांना वाटते त्यांनी कधी शिकवलेले नसते. चेंडू अर्धा क्षण उशिरा सोडायचा, हे फळ्यावर लिहून दाखवता येत नाही. अर्धा क्षण उशिरा सोडणारा माणूस शेजारी धावत असावा लागतो. आणि तो खराच धावत असावा लागतो! ‘शिकवण्यासाठी ठेवलेला’ खेळाडू ज्या दिवशी मैदानाबाहेर बसून सल्ले देऊ लागतो, त्या दिवसापासून पोरे त्याच्याकडे पाहीनाशी होतात. आमच्याकडेही निवृत्तीनंतर ‘मार्गदर्शक’ म्हणून ठेवलेल्या माणसांभोवती मुले जमलेली मी फारशी पाहिली नाहीत. त्यांची खुर्ची तेवढी चांगली असते.

शिवाय या युक्तिवादात एक सूक्ष्म अपमान दडलेला आहे. तुझे काम संपले, आता तू दुसऱ्याच्या कामाचे साधन हो, असे त्यात आहे. माणसाने स्वतः तसे म्हणणे निराळे आणि इतरांनी त्याच्या वतीने ते ठरवणे निराळे. पॉलला अजिंक्यपद कधीच मिळालेले नव्हते. २०२१ मध्ये फीनिक्सकडून तो अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि मिलवॉकीकडून हरला. एवढीच हाव असती तर बावीस सामने जिंकणाऱ्या संघाकडे तो गेला नसता. त्याला खेळायचे होते. आणि तो खेळला. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी सामने, प्रत्येक सामन्यात पहिल्या पाचांत. हंगाम संपल्यावर महिनाभरात त्याला चाळीस वर्षे पूर्ण झाली. सामन्याला सरासरी साडेसातच्या आतबाहेर असिस्ट त्याने दिले. संघ चौतीस सामने जिंकला, आधीपेक्षा बारा अधिक. त्यातले श्रेय किती कोणाचे याचा हिशेब कोणी मांडू नये: वेम्बन्यामा आजारामुळे निम्म्याच्या जवळपास सामन्यांना मुकला, प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच हंगामाच्या आरंभीच आजारी पडले, आणि फेब्रुवारीत डीॲरन फॉक्स हा नवा सारथी आणला गेला. पण रोज कामावर येणे ही गोष्ट मोजता येते, आणि ती त्याने पुरी केली. जागा अडवल्याचा आरोप मला तेथे बराचसा सैल झालेला दिसतो. जो काम करतो तो जागा अडवत नाही. तो ती वापरतो.

बराचसा म्हणतो, सगळा नव्हे.

याची दुसरी बाजू पुढच्याच वर्षी दिसली. २०२५ च्या जुलैत पॉल पुन्हा क्लिपर्सकडे गेला. जुने घर, जुने लोक, चाळीस वर्षांचे वय. येथे कोणाचे वैर नव्हते, सगळा जिव्हाळाच होता. नोव्हेंबरात त्याने हा आपला शेवटचा हंगाम असल्याचे जाहीर केले. डिसेंबरच्या आरंभी, संघ दौऱ्यावर असताना, त्याला मध्येच घरी पाठवण्यात आले. संघ तेव्हा सपाटून हरत होता, आणि पॉलला खेळायला फारसे मिळत नव्हते. आत काय घडले त्यात मी शिरत नाही. पण ज्या शहराने त्याला शत्रू म्हणून नाक मुरडत घेतले तेथे तो हंगामभर राबला, आणि ज्याने आपला म्हणून मिठी मारली तेथून त्याला अर्ध्या वाटेवर उतरवले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सॅन अँटोनिओत त्याला काम दिले होते. लॉस एंजेलिसमध्ये आठवण दिली होती. आठवणीला बसायला जागा लागते, आणि हरणाऱ्या संघात रिकाम्या जागा नसतात.

राहिला ट्रे जोन्स. पॉल आल्यावर तो बाकावर गेला. त्याने गडबड केली नाही. त्याच्या बाजूने इतर कोणी केल्याचेही फारसे दिसले नाही, कारण निमूट माणसासाठी भांडायला लोकांना उत्साह नसतो. फॉक्सला आणण्यासाठी जो सौदा झाला त्यात त्याला शिकागोला धाडण्यात आले. तेथे त्याला खेळायला मिळाले, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात शिकागोने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. सॅन अँटोनिओत त्या दिवसांत वाद चालू होता तो पॉलला आणखी एक वर्ष ठेवायला हवे होते की नाही, याचा.