वरच्या अंगणातलं पाणी

हिवरे बाजार नगर शहरापासून जेमतेम पंधरा-सतरा किलोमीटरवर. तिथल्या डोंगरउतारांवर सलग समतल चर आहेत, पडलेला थेंब तिथेच मुरावा म्हणून. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. आता शहरातल्या एखाद्या नव्या बंगल्याचं आवार बघा. भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, का तर चिखल नको. गच्चीचा पाइप सरळ रस्त्यावर सोडलेला, रस्ता काँक्रीटचा, पुढचा ओढा सिमेंटच्या नळ्यात कोंबलेला. दुष्काळी म्हणवणाऱ्या जिल्ह्याचं हे मुख्य ठिकाण! मुरायचं पाणी वाहून जातं आणि सावकाश पोहोचायचं ते एकदम सीना नदीवर जाऊन आदळतं.

मग कल्याण रस्त्यावरच्या पुलावरून पाणी गेल्याची बातमी येते आणि शहाणी माणसं म्हणतात, ‘नदीत घरं बांधली, दुसरं काय होणार?’

बोलणं अर्धंच खरं आहे. नदीकाठच्या पूररेषा दोन: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण हिशेब मांडला तर वीस वर्षं हप्ते फेडेपर्यंत पाणी निळ्या रेषेपर्यंत येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. तीही शहर जसंच्या तसं राहिलं तर. वर नवं काँक्रीट पडत गेलं की तेवढ्याच पावसाचा पूर मोठा होतो आणि कागदावरची रेषा मात्र जागेवरच राहते.

काठावर एक-दीड गुंठा घेणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. भाव परवडला, म्हणून त्याने घेतला. विकणारा पैसे घेऊन केव्हाच मोकळा झाला. अतिक्रमणाची नोटीस येते ती राहणाऱ्याला. उंचावरच्या बंगलेवाल्याला कुठलीच नोटीस येत नाही, त्यामुळे त्याच्या मनाला टोचणीही नाही. तरी खालच्या घरात शिरलेल्या पाण्यात त्याच्या आवाराचा वाटा आहेच.

2005 च्या 26 जुलैला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपण मिठी नदीची दुर्दशा पाहिली. 2019 मध्ये पुण्याचा आंबिल ओढा पाहिला. दोन्ही वेळा चर्चा झाली ती काठाची. पूर व्यवस्थापन म्हटलं की आपल्याला भोंगा, होडी आणि शाळेत हलवलेली कुटुंबं आठवतात. ते लागतंच. पण घरपट्टी आकारताना बांधकाम मोजतात, तसं आवारात उघडी माती किती उरली हेही मोजायला काय हरकत आहे? फरशी जास्त त्याला पट्टी जास्त. आरडाओरडा होईल, आणि तो बहुतेक उंचावरूनच होईल.