शेजारीण मुंबईत भेटली





यंदा ११ फेब्रुवारीला, लुर्द मातेच्या सणाला, आपल्या प्रार्थनागटातील आम्ही बारा जण मुंबईला जाऊन आलो. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून जाहीर केला. त्या निमित्ताने राज्याच्या राजधानीत जाऊन आजाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, असे आम्ही ठरवले होते.

प्रभूने बहात्तर शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवले, तेव्हा थैली नको, झोळी नको असे बजावले होते (लूक १०). आमच्या पिशव्या मात्र भरलेल्या होत्या. जपमाळा, प्रार्थनेची पत्रके, द्राक्षांच्या चार पेट्या, शिवाय किती जणांसाठी प्रार्थना केली ते लिहायला एक वही! परतल्यावर तुम्हाला आकडा सांगायचा होता ना!

पहाटे ओझरहून निघून नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडली आणि दादरला उतरलो. बुधवार असल्याने आधी माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला गेलो. १९४८ पासून तिथे दर बुधवारी नोव्हेना होते आणि सर्व धर्मांचे लोक येतात. मातेसमोर मेणबत्ती लावणाऱ्याला त्याचा धर्म कोणी विचारत नाही.

दुपारी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या परिसरात गेलो. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात कर्करोगाचे रुग्ण देशभरातून येतात. बाहेर फुटपाथवर फायलींच्या पिशव्या उराशी धरून बसलेले नातेवाईक पाहिले आणि आमचे शब्दच आटले. आधी परवानगी विचारायची, नको म्हटले तर नुसते शेजारी बसायचे, एवढेच आम्ही ठरवले.

तिथे डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईंनी द्राक्षाच्या पेटीवरचे नाव वाचले आणि विचारले, "ओझरचे का तुम्ही?" त्या आपल्याच निफाड तालुक्यातल्या, ओझरपासून जेमतेम सात-आठ किलोमीटरवरच्या गावच्या निघाल्या. दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत राहून उपचार घेत होत्या. आम्ही प्रार्थनेचे विचारले. त्या म्हणाल्या, "करा की. आमचा देव वेगळा, पण दुखणं तेच आहे." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पावसाळ्यापासून आजारी आहे. ओझरला दवाखान्यात यायचे तेव्हा तुमच्या चर्चवरूनच रिक्षा जायची."

त्या सहज बोलल्या, त्यात तक्रार नव्हती. पण आम्हाला मान वर करता येईना. जवळजवळ दोनशे किलोमीटर प्रवास करून आम्ही कोणाला भेटलो? आमच्याच दारावरून सहा महिने ये-जा करणाऱ्या शेजारणीला! आणि आम्ही पोहोचण्याआधी तिला छप्पर कोणी दिले? गाडगेबाबांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेने. भल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही कितीदा वाचला आहे. त्या दिवशी त्यात याजक आणि लेवी कोण, ते आम्हाला कळले.

वही तशीच कोरी परत आली. बहात्तर शिष्य आपला पराक्रम सांगत आनंदाने परतले, तेव्हा प्रभूने त्यांचा आनंद दुसरीकडे वळवला: तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत, यात आनंद माना. आम्हाला वाटते, त्या यादीत आपल्या नावाशेजारी ज्यांच्या दारी आपण गेलो त्यांचीही नावे असतील. मग ओझरमधली किती नावे आपल्याला सांगता येतील?

प्रिय भाविकांनो, मुंबईला जाणे चुकीचे नव्हते. प्रभूने शिष्यांना तो स्वतः जिथे जाणार होता तिथेच पाठवले. परळच्या फुटपाथवर तर तो आमच्याही आधी पोहोचला होता. पण तो आपल्या गल्लीतही थांबला आहे. या उपवासकाळात मिस्सानंतर दाराजवळच्या पेटीत आपल्या माहितीतल्या आजारी माणसाचे नाव, त्याची संमती घेऊन, टाका. तो कोणत्याही धर्माचा असो. दर रविवारी दुपारी आम्ही दोघे-दोघे निघू. तुमच्यापैकी कोण सोबत येणार?

हे प्रभू येशू, दूरच्या वाटा चालायला तू आम्हाला पाय दिलेस. आता जवळचे दार ठोठावायला धीर दे. आमेन.